मधी उबं ऱ्हाऊ नका

"देवाला यायचं तर कलप कशाला लावायचा म्हणते मी," असं पुटपुटत वृषालीने डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटच्या आतली गादी पुसली. कापसावर काळा डाग आला. त्यात थोडं कुंकू होतं, बरंचसं खोबरेल होतं आणि एका कोपऱ्यात काहीतरी पिवळसर चिकट होतं, त्याच्याकडे तिने मुद्दाम पाहिलं नाही. बोळा बादलीत टाकला, दुसरा घेतला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि श्वास रोखून पुन्हा पुसायला लागली. घामाचा वास स्पिरिटने जातो ही गोष्ट खोटी आहे. तो फक्त स्पिरिटच्या मागे जाऊन उभा राहतो.

नवरात्रातला मंगळवार होता. डोंगराच्या पायथ्याला, पायऱ्या सुरू होतात तिथून हाकेच्या अंतरावर ऋषीचं पत्र्याचं शेड होतं आणि शेडवर फलक होता: 'पायऱ्या न चढता कळमजाईचं दर्शन'. रांग उन्हात थेट नारळवाल्यापर्यंत गेली होती.

वृषाली मूळची वारूळवाडीची, डोंगराखालच्या गावात दिलेली. हंगामात ती द्राक्षाच्या पॅकहाउसला जायची. तिथे हातमोजे, डोक्याला जाळी, तोंडाला फडकं असायचं, आणि तिला ते काम मनापासून आवडायचं, कारण तिची किळस साऱ्या भावकीत प्रसिद्ध होती. पाहुण्यांकडे गेली तर कप धुतलेला आहे का हे उन्हाकडे धरून बघणारी बाई. उष्टं पाणी तिने नवऱ्याचंही कधी प्यायलं नव्हतं. अशा बाईच्या वाट्याला परक्या माणसांच्या कपाळाचं तेल पुसायचं काम यावं, ह्याला नशीबच म्हणायचं. पण हंगाम सरला होता, ऋषी भावकीतला होता आणि घरी बसून काय करणार होती.

हेडसेट तिने स्वतः कधी डोळ्यांना लावला नव्हता. ऋषी म्हणायचा, "ताई, एकदा बघा तरी, अंगावर काटा येतो." त्यावर ती म्हणायची, "मला पाय हायेत. मी वर जाऊन यीन." खरं कारण त्यालाही ठाऊक होतं.

आता गादी पुसून ती वळते तोच बाकावर बसलेली आणे गावची म्हातारी पुन्हा ओकली. मघाशी दर्शन घेऊन उठल्या उठल्या ती एकदा ओकली होतीच. चित्र अडखळलं, हिसकलं की म्हाताऱ्या माणसांच्या पोटात ढवळायचं. म्हणून शेडमध्ये राखेचं घमेलं आणि लिंबं कायम ठेवलेली असत. वृषालीने राख टाकली, खराट्याने ओढली, लिंबू कापून म्हातारीच्या हातात दिलं.

"बरं वाटतंय का आजी? दर्शन झालं ना?"

"झालं की. लई छान झालं." म्हातारी लिंबू हुंगत खाली बघत म्हणाली. शेजारी तिचा मुलगा मोबाईलमध्ये तोंड घालून उभा होता.

सगळे असंच म्हणायचे. लई छान झालं. ह्याच्यापुढे कुणी एक शब्द बोलायचं नाही. देवी कशी दिसली, साडी कुठल्या रंगाची होती, नथ होती का, काही नाही. वृषालीला वाटायचं, गहिवरून येत असेल बिचाऱ्यांना.

हे यंत्र आधी वायरचं होतं. डोक्याच्या मागून जाड वायर निघायची ती टेबलावरच्या संगणकात जायची. ती वायर आपल्या लोकांना परवडणारी नव्हती, कारण आपली माणसं देवापुढे उभी राहिली की नमस्कार करून स्वतःभोवती गोल फिरतात. हेडसेट लावूनही फिरायची. एक आजीबाई अशाच फिरल्या आणि वायर गळ्याभोवती आली. एका पैलवानाने प्रदक्षिणा घातली ती टेबलासकट. मग ऋषीने ऑनलाइन एक वायरलेस अॅडाप्टर मागवला. त्याचीच एक डबी हेडसेटवर डोक्याच्या माथ्याला बसायची, तिची बॅटरी कमरेच्या पट्ट्यात, आणि दुसरी डबी संगणकाला जोडून समोर कुठेतरी उंचावर ठेवायची.

तो बसवायला जुन्नरहून सलीमभाई आले होते. त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. त्यांनी दोन्ही डब्या उलटसुलट करून बघितल्या आणि म्हणाले, "यंत्र एका कंपनीचं, डबी दुसऱ्या कंपनीची. नांदतील, पण कुरकुरत. तापतीय बी लई. आन ऋषी, एक ध्यानात ठेव. ह्या दोन डब्यांची नजरानजर पायजे. मधी माणूस आला की चित्र गेलं."

"टीव्हीच्या वर ठेवतो ना," ऋषी म्हणाला. "तिथं कोण येतंय मधी?"

टीव्ही बाहेरच्यांसाठी होता, थेट संगणकाला वायरने जोडलेला. आतल्याला जे दिसतं ते बाहेर पडद्यावर दिसावं, म्हणजे रांगेतल्यांना हुरूप येतो. ऋषीने दुसरी डबी टीव्हीच्या माथ्यावर चिकटवली, वर झेंडूची माळ घातली. रोज सकाळी रिकाम्या शेडमध्ये तो स्वतः लावून बघायचा आणि समाधानाने उतरवायचा.

दुपार कलायला लागली तेव्हा चांगदेव रांगेत दिसला.

वृषालीचा विश्वास बसेना. चांगदेव डोलीवाला. बांबूला वेताची खुर्ची बांधून त्याने आणि सावळेरामने उभी हयात लोकांना डोंगरावर वाहिलं. सावळेराम वारला, चांगदेवचे गुडघे गेले, तरणी पोरं चाकणला कंपनीत लागली आणि डोली बंद पडली. आता तो दिवसभर चिंचेखाली बसून असायचा आणि ऋषीच्या शेडकडे बघून येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचा, "जा, ओकून या." आज त्याच्या अंगात धुतलेला सदरा होता. टोपी इस्त्रीची होती. उजव्या खांद्यावरचा घट्टा सदऱ्यातूनही वर आलेला दिसत होता.

"दादा, तुमी?"

"हां, मीच," तो म्हणाला. "हसू नगं."

ती हसली नाही, कारण तिला माहीत होतं. पावसाळ्यात एकदा चहा पिताना त्याने सांगितलं होतं. वळणावरच्या पायरीवर एका श्रावणात सावळेरामचा पाय सटकला, डोली कलली आणि मंचरची एक म्हातारी खाली गेली. खुबा मोडला. महिना काढला नाही तिने. तिच्या घरच्यांनी बोट दाखवलं नाही, सावळेराम पुढे होता तरी लोक सावळेरामलाही काही बोलले नाहीत. पण मागचा खांदा चांगदेवचा होता आणि मागच्याने सावरायचं असतं. तेव्हापासून दर नवरात्रात एका मंगळवारी तो एकटा वर जायचा. गाभाऱ्यात उभा राहून देवीच्या तोंडाकडे बघायचा. "रागावलेली न्हाई एवढं बघायचं आन खाली यायचं," तो म्हणाला होता. "वरीस निगतं मग." ह्या वर्षी मंगळवार आला, पण गुडघे काही वाकत नव्हते आणि वर जाणं शक्य नव्हतं.

त्याचा नंबर आला. वृषालीने त्याच्या कमरेला बॅटरीचा पट्टा बांधला. टोपी काढून तिच्या हातात देताना तो लाजला. टक्कल घामाने चकाकत होतं. तिने गादी नव्याने पुसली, पार कोरडी होईपर्यंत पुसली आणि यंत्र त्याच्या डोळ्यांवर बसवलं. माथ्यावरची डबी तव्यासारखी तापली होती.

"दिसतंय का दादा?"

"पायऱ्या दिसत्यात." त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "ही आपली खालची कमान. अगं, ही तर आपलीच कमान."

आणि तो चढायला लागला. खुर्ची मागेच होती, बसा म्हटलं तर ऐकेना. जागच्या जागी एक पाय उचलायचा, टेकवायचा, दुसरा उचलायचा. गुडघे वाकत नव्हते तरी उचलायचा. हळूहळू त्याचा उजवा खांदा खाली गेला, मान डावीकडे झाली आणि रिकामा हात वर जाऊन नसलेला बांबू धरून बसला. तोंडाने तो जुनी हाळी देत होता, वाटेवरच्या गर्दीला द्यायचा तीच.

"वाट सोडा. डोली आली. मधी उबं ऱ्हाऊ नका."

रांगेत हशा पिकला. दोघातिघांनी मोबाईल वर धरले. एक बाई पदर तोंडाला लावून हसता हसता खोकायला लागली. वृषालीच्या घशाशी आंबट आलं. दिवसभर राख टाकतानासुद्धा आलं नव्हतं.

"वळणावर नवी पायरी घातली वाटतं," चांगदेव म्हणाला. "शिमिटाची. बरं केलं." तिथे तो थांबला, मागचा पाय घट्ट रोवला आणि मग वर गेला.

टीव्हीवर मंदिराचं दार आलं. दार उघडलं. पितळी प्रभावळ, शेंदरी मुखवटा, मोठे चांदीचे डोळे. वृषालीने रोजच्यासारखी घंटा वाजवली. रोजच्यासारखी सगळी रांग मोडून पुढे सरकली, कारण फुकटातलं दर्शन कोण सोडणार, आणि टीव्हीपुढे हात जोडून दाटीने उभी राहिली. "कळमजाईच्या नावानं चांगभलं," कुणीतरी म्हणालं. मुखवट्यावर ऋषीने चित्रात घातलेली फुलं पडायला लागली.

चांगदेवने हात जोडले होते. तो तसाच उभा राहिला. फुलं पडून संपली, टीव्हीवर दार बंद झालं, लोक मागे सरले, तरी तो उभाच. मग त्याने आपल्या हाताने यंत्र वर सारलं. डोळे ओले होते.

"न्हाई दिसली," तो म्हणाला.

"काय नाही दिसली?" ऋषी संगणकामागून उठला.

"आई. दार उगाडलं आन काळं झालं. निस्ता काळोख."

"बाबा, मोतीबिंदू असेल तुम्हाला."

"पायऱ्या दिसल्या. नवी पायरी दिसली. कमानीवरचं नाव वाचलं म्या. आईच तेवढी न्हाई दिसली."

मग लोक बोलायला लागले, आणि ते बोलणं वृषालीला नंतर कितीतरी दिवस कानातून काढता आलं नाही. आम्ही तर आत्ता बघितली की. टीव्हीवर लख्ख होती. सगळ्यांना दिसली आन ह्यालाच कशी न्हाई. कुणीतरी म्हणालं, "डोलीवाला ना त्यो? म्हातारी पाडली व्हती बघा त्यानं." बाईमाणसांनी पदर सावरून दोन पावलं मागे घेतली. ज्यांच्या बापांना ह्याने खांद्यावरून वर नेलं असेल अशा घरातली माणसं होती ती. मघाशी हसलेली बाई आता गंभीर तोंड करून देवीला हात जोडत होती.

"व्हय," चांगदेव म्हणाला. "त्योच मी."

त्याने कुणाला अडवलं नाही, वाद घातला नाही. इतकी वर्षं ज्याची धास्ती होती तो निकाल लागला होता आणि तो त्याला मान्य होता. तो वाकून चपला शोधायला लागला, आणि त्या समोर असून त्याला सापडत नव्हत्या.

"ताई, पुसून घ्या आणि पुढचा घ्या," ऋषी म्हणाला. "ऊन फार आहे, लोक खोळंबलेत."

हेडसेट वृषालीच्या हातात होता. आतली गादी चिंब झाली होती. घाम कुठला आणि डोळ्यांतलं पाणी कुठलं हे कळायला मार्ग नव्हता. बोळा तिच्या दुसऱ्या हातात होता. तिने त्या गादीकडे पाहिलं. कलप, कुंकू, शेंबूड, आण्याच्या म्हातारीच्या ओकारीचा वास, सगळं तिला एका दमात आठवलं. मग तिने बोळा बादलीत टाकला आणि ते ओलं यंत्र तसंच आपल्या तोंडाला लावलं.

गार, चिकट गादी गालाला बसली. नाकाशी दुसऱ्या माणसाचा घाम होता. तिने तोंडाने श्वास घेतला तर तो जिभेवर आला. डोळे मिटून घ्यावेत, फेकून द्यावं, नळाखाली डोकं धरावं असं वाटत असताना तिने डोळे उघडे ठेवले.

"लाव रे," ती म्हणाली.

"ताई, काय चाललंय?"

"लाव म्हणते."

ऋषीने लावलं. कमान आली. पायऱ्या आल्या, एक वळण, शिमिटाची पायरी. डबी टाळूवर भाजत होती. चित्र मध्येच हिसकायचं आणि जमीन पायाखालून सरकायची. मंदिर आलं. दार उघडलं. बाहेर कुणीतरी घंटा वाजवली, तिच्या जागी ऋषीच असेल, आणि लगेच पावलांचा आवाज झाला, चपला घासल्या, तंबाखूचा आणि गजऱ्याचा वास तिच्यासमोरून गेला. माणसं पुढे सरकली होती. त्याच वेळी सगळं काळं झालं.

काळं म्हणजे काळं. चूल विझल्यावर घरात असतं तसं. समोरच, हाताच्या अंतरावर, लोक म्हणत होते, "आली बघा. काय रूप हाय आईचं." आणि ती काळोखात उभी होती, तोंडावर सगळ्या तालुक्याचा घाम घेऊन. किती म्हाताऱ्या ह्या काळोखात हात जोडून उभ्या राहिल्या असतील आणि बाहेर येऊन लई छान म्हणाल्या असतील, हे तिला तिथे कळलं. आपलंच काहीतरी चुकलं असेल असं प्रत्येकीने मनात धरलं असेल आणि घरी गेली असेल. तिला स्वतःची नाही, ह्या सगळ्या कारभाराची किळस आली. नजरानजर पायजे, सलीमभाई म्हणाले होते.

"मधी उबं ऱ्हाऊ नका," ती ओरडली. "टीव्हीपुढनं बाजूला व्हा. तुमी मधी आलात की आतल्याला काय दिसत न्हाई. मला बी दिसत न्हाई. निस्ता काळोख हाय."

कुणी हललं नाही. फुलं पडायची होती अजून.

तिने यंत्र काढलं. उजेडात डोळे दिपले. सगळे तिच्याकडे बघत होते. चांगदेव एक चप्पल घालून उभा होता.

"मी रोज सकाळी बघतो ताई," ऋषी घाईघाईने म्हणाला. "क्लिअर दिसतं. सगळ्यांना दिसतं."

"सकाळी मधी कोण नसतंय."

ऋषीने रांगेकडे बघितलं. रांगेतले दोघे निघायच्या बेतात होते. तो जवळ आला आणि आवाज खाली आणून, पण पहिल्या पाचदहा जणांना ऐकू जाईल एवढाच खाली आणून म्हणाला, "ताई, तुम्हाला अडचण असेल. अशा दिवसांत शिवायचं नाही मशीनला, मी सांगायला पाहिजे होतं."

बायका एकमेकींकडे बघून माना हलवायला लागल्या. असं होय, मग बरोबर.

वृषालीच्या कानशिलांत गरम झालं. ऋषी तिच्या डोळ्यांपुढे वाढलेला होता, त्याचं नाक तिने पुसलेलं होतं.

"माझी पिशवी काढलेली हाय, ऋषी," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "दवाखान्यात तुझ्या आईनंच डबा आणला व्हता. इचार जा तिला."

ऋषी खाली बघायला लागला. तेवढ्यात बाकावरून आवाज आला.

"मला बी काळंच दिसलं व्हतं."

आण्याची म्हातारी. हातात अजून लिंबाची फोड होती.

"आई, गप बस," मुलगा म्हणाला.

"मला वाटलं, थोरल्या सुनंला म्या नांदू दिलं न्हाई त्याचंच हाय हे," म्हातारी म्हणाली आणि रडायला लागली. मुलाने तिला दंडाला धरून उठवलं आणि शेडबाहेर नेलं.

वृषालीला वाटलं, आता तरी बोलतील. सकाळपासून दर्शन घेतलेले पाचसहा जण तिथेच प्रसादाच्या दुकानापाशी होते. त्यांतला एक तिच्याकडे बघत होता. त्याने नजर वळवली आणि म्हणाला, "आमाला तर लख्ख दिसली बुवा." बाकीच्यांनी मान डोलावली. रांगेतला पुढचा माणूस आत आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "चला, लावा."

ऋषीने हेडसेट उचलला, शर्टाच्या बाहीने गादी पुसली आणि त्याच्या तोंडाला लावला.

वृषालीने कोपऱ्यातली पाण्याची बाटली आणि फडकं घेतलं आणि ती बाहेर पडली. चांगदेव पुढे चालला होता, एक पाय ओढत. तो घराकडे वळेल असं तिला वाटलं. तो पायऱ्यांकडे गेला.

"दादा, ते यंत्र खोटं हाय. मी बघितलं. मला बी न्हाई दिसली."

"ऐकलं म्या," तो म्हणाला. "पर तुला काय, तू वर जाऊन बघशील. मला कसं कळायचं, यंत्र खोटं का मी?"

तो पहिल्या पायरीशी आला. ज्याला वर जाता येत नाही त्याने पायरीचं दर्शन घ्यायचं, ही रीत त्यानेच किती जणांना सांगितली असेल. कठड्याला धरून तो कसाबसा खाली बसला. टोपी काढली. डोकं टेकायला वाकला आणि थांबला. पायरीवर मधोमध गुटख्याची पिंक होती, लाल, ताजी, बुडबुडे अजून फुटत होते.

तो जरा बाजूला सरकायला लागला.

"थांबा," वृषाली म्हणाली.

ती उकिडवी बसली. बाटलीतलं पाणी ओतलं, फडक्याने पुसलं. पिंक दगडाच्या खाचेत गेली होती, फडक्याने निघेना. मग तिने फडकं ठेवून दिलं आणि हातानेच चोळायला लागली, खाचेत नखं घालून, पाणी ओतून, पुन्हा चोळून. तिच्या गालांवर त्या यंत्राचा ओला लाल वण अजून तसाच होता. वरून उतरणारी माणसं त्या दोघांना वळसा घालून जात होती. शेडमधून घंटेचा आवाज आला आणि मागोमाग चांगभलं.

दगड काळा, स्वच्छ दिसायला लागला तेव्हा ती बाजूला झाली.

"टेका आता," ती म्हणाली, आणि चांगदेवने डोकं टेकलं.